उसना उजेड

लालबागच्या आमच्या खोलीला हक्काचं ऊन दिवसातून दीड तास मिळायचं. खोली दुसऱ्या मजल्यावर, पूर्वेला तोंड करून, आणि समोर दहा-बारा फुटांवर तशीच तीन मजली चाळ. साडेदहाच्या सुमाराला त्या चाळीच्या कौलांवरून सूर्य वर आला की आमच्या गॅलरीत हातभर रुंदीचा पट्टा पडायचा. लोणच्याची बरणी, ओली चादर, आजोबांचे पाय, सगळं त्या पट्ट्यात दाटीवाटीनं बसायचं. बारा वाजले की सूर्य आमच्याच कौलांमागे जायचा आणि पट्टा संपायचा. पण खोलीत अंधार होत नसे. दुपारभर, पाच-साडेपाचपर्यंत, आत मऊ उजेड असायचा. इतका, की दिवा न लावता आई दाराशी बसून तांदूळ निवडायची. हा उजेड येतो कुठून, हा प्रश्न मला दहाव्या वर्षापर्यंत पडला नाही.

पडला तो समोरच्या चाळीला रंग लागला तेव्हा. दिवाळीच्या आधी त्यांनी वर्गणी काढून दर्शनी भिंत रंगवून घेतली. आधी ती चुन्याची, पावसानं काळवंडलेली होती. आता एकदम डाळिंबी गुलाबी. चार-पाच दिवसांनी दुपारी आई सूप घेऊन बसली आणि थबकली. दाणे चिमटीत धरले, तळहातावर पसरले. म्हणाली, "वाण्यानं तांदूळ बदललाय. लालसर आहे बघ. जा, परत देऊन ये."

मी डबा घेऊन गेलो. वाण्यानं मूठभर तांदूळ घेतला, फळीपुढे उन्हात आला आणि हात माझ्यासमोर धरला. पांढरा शुभ्र. "कुठं लाल आहे, दाखव." मला काही दाखवता येईना. परत येताना मी डब्याचं झाकण उघडंच ठेवलं होतं. रस्त्यावर पांढरा. जिन्यात राखाडी. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत किंचित गुलाबी. आणि आमच्या उंबऱ्याच्या आत खरोखरच लालसर. मी तीनदा जिना उतरलो आणि चढलो. तांदूळ तोच होता, माझे डोळेही तेच होते. दुपारचं ऊन आमच्या डोक्यावरून जाऊन समोरच्या भिंतीवर पडत होतं आणि त्या भिंतीचा रंग घेऊन आमच्या खोलीत शिरत होतं. आम्ही इतकी वर्षं वापरत होतो तो उजेड समोरच्या बिऱ्हाडांच्या भिंतीचा होता. वाटीभर साखर आणावी तसा आणलेला.

आज व्हिडिओ गेममधल्या रे ट्रेसिंगबद्दल, म्हणजे किरणांचा माग काढून चित्रातला उजेड ठरवण्याच्या तंत्राबद्दल, कुणी विचारलं की मी तांदळाची ही गोष्ट सांगतो. माझ्या मते सगळा विषय तिच्यात आहे.

नव्वदीच्या शेवटी परळच्या एका सायबर कॅफेत मी आणि माझा मावसभाऊ क्वेक-२ खेळायचो. तो गेम १९९७ चा. गंजक्या भिंती, नारिंगी दिवे, लांबच लांब बोळ. त्या काळच्या मानानं त्यातला उजेड फार सुंदर होता, आणि तो कसा केला होता हे मला पुष्कळ नंतर कळलं. कॉम्प्युटर गेममधलं जग त्रिकोणांचं बनलेलं असतं. ग्राफिक्स कार्ड एकेक त्रिकोण उचलतं, पडद्यावर कुठे येईल ते ठरवतं आणि रंगवून मोकळं होतं. त्या त्रिकोणाला फार तर एवढंच माहीत असतं की दिवे कुठे आहेत. शेजारी कोण आहे हे त्याला माहीत नसतं. समोरची भिंत गुलाबी असो की हिरवी, त्याच्या लेखी ती नाहीच. मग दिव्याच्या आड असलेला भाग ठार काळा दिसू नये म्हणून सगळीकडे सारखाच थोडा उजेड शिंपडायचा, किंवा गेम विकायला काढण्याआधीच कंपनीतल्या मशीनवर सगळ्या उजेडाचा हिशेब करून तो भिंतींवर चित्रासारखा चिकटवून टाकायचा. याला लाइटमॅप म्हणतात, आणि ही क्रिया म्हणजे लाइट बेक करणं. क्वेक-२ मध्ये भिंतीवरून भिंतीवर उसळणारा उजेडसुद्धा असा आधीच भाजून ठेवला होता. म्हणून ते बोळ खरे वाटायचे. पण तो उजेड गोठलेला होता. दार उघडलं, खोका सरकवला, तरी भिंतीवरचा उजेड हलायचा नाही.

या जुन्या कारागिरीला मी कमी लेखत नाही. हिशेब अपुरा पडेल तिथे ती माणसं हातानं खोटे दिवे लपवून ठेवायची. खिडकीखाली एक मंद पिवळा, गालिच्यावर एक अगदी फिकट तांबडा. ते दिवे नेमके ठेवायचे तर खऱ्या खोलीत बसून आधी नीट पाहावं लागतं. त्यांनी पाहिलं होतं, हे त्यांच्या कामात दिसतं.

रे ट्रेसिंगचा रस्ता वेगळा, आणि गेमच्या आधीपासूनचा. १९६८ मध्ये आयबीएममध्ये आर्थर अपेल यांनी सावल्या काढण्यासाठी किरण सोडून पाहिले. १९८० साली बेल लॅब्सच्या टर्नर व्हिटेड यांचा निबंध आला. चौकटीच्या फरशीवर तरंगणारे दोन गोळे, एक काचेसारखा, एक आरशासारखा. ते एक चित्र काढायला तेव्हाच्या मोठ्या कॉम्प्युटरला तासाच्या वर वेळ लागला होता. त्यातली कल्पना अशी की पडद्याच्या प्रत्येक ठिपक्यातून, पाहणाऱ्याच्या डोळ्यापासून, एक किरण सीनमध्ये सोडायचा. तो कशाला भिडतो ते बघायचं. तिथून दिव्याकडे दुसरा किरण, वस्तू चकचकीत असेल तर उसळीचा तिसरा, काच असेल तर आरपार जाणारा चौथा.

डोळ्यापासून किरण सोडायचा हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. आपल्या न्यायदर्शनात नेमकं हेच म्हटलं आहे. डोळा तेजाचा बनलेला, त्याचे किरण बाहेर जातात, वस्तूला भिडतात, तेव्हा दिसणं घडतं. निसर्ग तसा चालत नाही, उजेड वस्तूकडून डोळ्याकडे येतो. पण दिव्यातून निघालेल्या असंख्य किरणांपैकी आपल्या डोळ्यात शिरणारे फारच थोडे, बाकीच्यांचा हिशेब फुकट. म्हणून मशीन उलट्या बाजूनं चालतं. गौतमांच्या न्यायसूत्रांतला डोळा आज ग्राफिक्स कार्डात काम करतो आहे.

व्हिटेडच्या चित्रात आरसा होता, काच होती, पण माझा तांदूळ नव्हता. म्हणजे, चकाकी नसलेल्या साध्या भिंतीवरून सगळ्या दिशांना विखुरणारा उजेड नव्हता. तो प्रश्न १९८४ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी हाती घेतला. त्यांच्या कामातून पुढे 'कॉर्नेल बॉक्स' नावाची एक साधी खोली प्रसिद्ध झाली. वर एक दिवा, मागची भिंत पांढरी, एका बाजूची लाल, दुसरीकडची हिरवी. आत पांढरे ठोकळे. लाल भिंतीजवळचा ठोकळा लालसर दिसला पाहिजे, ही परीक्षा. त्यांनी खरीखुरी पेटी बनवून कॉम्प्युटरच्या चित्राशी ताडून पाहिली. मी ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमचा उंबरा दिसला.

आणि १९८६ मध्ये जेम्स काजिया यांनी या सगळ्यासाठी एकच समीकरण मांडलं. एखाद्या जागेवरून निघणारा उजेड म्हणजे तिचा स्वतःचा, अधिक सगळ्या दिशांनी तिच्यावर येऊन परत फिरणारा. वाचायला सोपं वाटतं. अडचण अशी की तो सगळ्या दिशांनी येणारा उजेडही कुठल्या तरी दुसऱ्या जागेवरून निघालेला असतो, आणि त्या जागेचा उजेड आणखी कुठून तरी आलेला. जे शोधायचं तेच समीकरणाच्या दोन्ही बाजूंना बसलेलं. समोरच्या खोल्यांना उजेड आमच्या भिंतीकडून, आम्हाला त्यांच्याकडून, आणि दोघांनाही मधल्या गल्लीतल्या ओल्या फरशीकडून. यातून सुटायला काजियांनी संभाव्यतेचा आधार घेतला. किरण वाटेल त्या दिशांना सोडायचे, उसळत राहू द्यायचे, आणि आलेल्या उत्तरांची सरासरी काढायची. याला पाथ ट्रेसिंग म्हणतात. किरण कमी पडले तर चित्रावर वाळू सांडल्यासारखे ठिपके दिसतात. ते ठिपके निम्मे करायचे तर किरण चौपट लागतात.

इथे गेमची खरी कोंडी आहे. फुल एचडी पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात. सेकंदाला ६० चित्रं हवीत, म्हणजे एका चित्राला साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ. सेकंदाला १२ कोटींच्या वर पिक्सेल, प्रत्येकाचा किरण, त्याच्या उसळ्या, आणि प्रत्येक उसळीला लाखो त्रिकोणांतून कुणाला भिडला याचा शोध. तो शोध झपाट्यानं व्हावा म्हणून सगळा सीन डब्यात डबा तसा पेट्यांमध्ये लावून ठेवतात. मोठ्या पेटीला किरण लागलाच नाही तर आतलं काही तपासायचं नाही. २०१८ मध्ये ग्राफिक्स कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियानं हे शोधकाम करणारे खास भाग असलेली आरटीएक्स कार्डं आणली आणि काजियांचं समीकरण घरच्या कॉम्प्युटरच्या आवाक्यात आलं. तरीही एका पिक्सेलला किरण अगदी मोजके परवडतात. उरलेली वाळू पुसायला डीनॉइझर असतो. तो शेजारच्या पिक्सेलांकडून आणि आधीच्या चित्रांकडून रंग उसना घेऊन मधली भोकं बुजवतो. मला हे तंत्र पहिल्या दिवसापासून आवडलं आहे. झपकन मान वळवली की मागच्या चित्रांचा पुसट माग राहतो, तोही मी चालवून घेतो.

२०१९ च्या पावसाळ्यात मी लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे पाट्यांवरच्या डॉ. भडकमकर मार्गावरून, आरटीएक्स २०६० आणलं. टॅक्सीत खोका मांडीवर धरून बसलो होतो, वर रेनकोट गुंडाळून. त्याच जूनमध्ये जुना क्वेक-२ पूर्ण पाथ ट्रेसिंगसह पुन्हा आला होता, पहिल्या तीन लेव्हल फुकट. घरी येऊन तोच लावला. तेच बोळ, तेच नारिंगी दिवे, बावीस वर्षांनी. त्यात सूर्याची वेळ बदलता येते. मी एका झरोक्याखाली उभा राहिलो आणि सकाळची दुपार केली. उन्हाचा तुकडा फरशीवरून सरकत तांबड्या भिंतीवर चढला, आणि समोरचा आतापर्यंत राखाडी असलेला कोपरा हळूहळू तांबूस झाला. कुणी तो तिथे रंगवून ठेवला नव्हता. मी सूर्य मागे घेतला, कोपरा पुन्हा राखाडी. पुन्हा पुढे, पुन्हा तांबूस. बहिणीचा मुलगा शेजारी बसला होता. "मामा, तू खेळतच नाहीयेस. मघापासून नुसता भिंतीकडे बघतोयस." मी त्याला म्हटलं, थांब, मला अजून एकदा जिना चढू दे. त्याला अर्थातच काही कळलं नाही, मग तांदळाची गोष्ट सांगावी लागली.

त्या सुरुवातीच्या काळातल्या कित्येक गेमविषयी माझी तक्रार आहे. किरण हातात आले म्हणून सगळ्यांनी आरसे मांडले. डबकी आरशासारखी, फरश्या आरशासारख्या, गाड्या शोरूममधून नुकत्याच काढल्यासारख्या. जुलैत लालबागच्या उड्डाणपुलाखाली रात्री नऊला उभं राहून पाहावं. ओलं डांबर आधी काळंभोर होतं, कारण त्याच्या बारीक खळग्यांत पाणी भरतं आणि आत शिरलेला उजेड बाहेर पडेपर्यंत जिरतो. त्यावर सिग्नलचा लाल दिवा गोल दिसत नाही. तो लांबट, आपल्याकडे ओघळत आलेला पट्टा होतो, कारण ओल्या खडीचा प्रत्येक उंचवटा थोड्या वेगळ्या कोनात तो दिवा दाखवतो. डबक्यात सरळ खाली पाहिलं तर पाणी जेमतेम २ टक्के उजेड परतवतं, आणि आपल्याला तळाचा गाळ आणि विडीचं थोटूक दिसतं. तेच डबकं वीस पावलं लांबून, तिरपं पाहिलं की आकाश होतं. मध्ये डिझेलचा तवंग, बेस्टची बस गेली की थरथर. हे सगळं गणितात बसतं, आज बसवताही येतं. पण त्यासाठी करणाऱ्यानं पावसात उभं राहिलेलं असलं पाहिजे.

माणसाच्या कातडीचंही तसंच. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात चित्रकार सा. ल. हळदणकरांचं ते जलरंगातलं चित्र आहे, हातात दिवा धरलेल्या मुलीचं. त्यांची मुलगी गीता त्यासाठी उभी राहिली होती. कित्येक लोक आजही ते राजा रविवर्म्यांचं समजतात. त्यात ज्योतीपुढे धरलेली बोटं पाहा. उजेड बोटांवर पडून परत आलेला नाही, तो बोटांच्या आत शिरून, रक्तामांसातून विखुरत, लाल होऊन बाहेर आला आहे. कॉम्प्युटर ग्राफिक्सला दूध, संगमरवर आणि कातडीतला हा उजेड व्यवहारात मोजता येण्यासारखी रीत २००१ मध्ये हेन्रिक वान येन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडून मिळाली. सावंतवाडीच्या हळदणकरांनी तो चाळिशीच्या दशकात कागदावर पाण्यानं उतरवला होता. गेममधली माणसं मेणाची वाटू लागली की मला ती बोटं आठवतात.

माझं पोटापाण्याचं काम इमारतींचे व्ह्यू करण्याचं आहे. बिल्डरच्या माहितीपत्रकात न बांधलेल्या फ्लॅटची जी देखणी चित्रं असतात, ती आम्ही करतो. गेमला सोळा मिलिसेकंद असतात, आम्हाला रात्र मिळते. संध्याकाळी रेंडर टाकायचा, म्हणजे कॉम्प्युटरला चित्राचा हिशेब करायला लावायचा, आणि सकाळी बघायचा. काही वर्षांपूर्वी एका प्रकल्पाचं काम आलं. दोन खोल्यांच्या फ्लॅटचा हॉल, पश्चिमेची खिडकी, आणि खिडकीपासून काही फुटांवर आधीच उभी असलेली दुसरी इमारत. मी ती इमारत नकाशाप्रमाणे सीनमध्ये बांधली आणि रेंडर टाकला. हॉल आला तसा आला. शांत, थोडा निळसर, शेजारच्या प्लास्टरचा रंग घेतलेला. मला तो आवडलाही होता. बिल्डरसाहेबांच्या माणसानं पाहिलं आणि म्हणाला, "ऊन कुठाय? सोफ्यावर ऊन टाका." मी म्हटलं, मध्ये इमारत आहे. तो म्हणाला, "मग ती काढा."

मी काढली. एक क्लिक. सोनेरी ऊन थेट सोफ्यावर. किरणांचा हिशेब शेवटच्या दशांशापर्यंत बरोबर, उसळ्या बरोबर, गालिच्याचा रंग छतावर बरोबर उतरलेला. ते चित्र पाहून कुणीतरी आयुष्याची पुंजी मोजली असेल, आणि संध्याकाळी त्या हॉलमध्ये बसून ऊन कधी येतं याची वाट पाहिली असेल. तो व्ह्यू मी माझ्या कामांच्या फायलीत ठेवलेला नाही. खरं दिसणं पूर्ण साधूनही चित्र खोटं असू शकतं हे मला त्या सोफ्यानं शिकवलं, आणि तेव्हापासून शेजारची इमारत काढायला मी नाही म्हणतो. त्यापायी दोन कामं गेली.

समोरची चाळ खरोखरीच गेली आहे. पुनर्विकासात तीन वर्षांपूर्वी पाडली. आता तिथे निळे पत्रे आणि आत खड्डा. खोलीत सकाळी ऊन भरपूर येतं, आणि दुपारी खोली कोरडी, पांढुरकी दिसते. तो गुलाबी उजेड कायमचा संपला हे ध्यानात आलं तेव्हा मी घरी, रात्री जेवणं झाल्यावर, आमची खोली कॉम्प्युटरवर बांधायला घेतली. गेम बनवायच्या अनरियल इंजिनमध्ये, जिथे चालता-फिरता येतं. कठड्याचे गज, दाराशी झिजलेली शहाबादी फरशी, भिंतीचा हिरवट ऑइलपेंट, मोरीचा कट्टा. आणि दहा-बारा फुटांवर समोरची चाळ. तिचा रंग आठवणीनं लावावा लागला, फोटो एकही नाही.

सूर्य दुपारी अडीचला ठेवला आणि आईला बोलावलं. उंबऱ्याशी सुपात तांदूळही ठेवला होता. तिनं चष्मा लावला, पुढे वाकली, बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "यांच्याकडे पहिल्या मजल्यावर हिरवी साडी वाळत असायची कायम. त्यानं खालचं गुलाबी जरा मळकं दिसायचं." मी साडी टांगली. सुपाच्या कडेचे दाणे, अगदी कळेल न कळेल इतके, बदलले. "आता बरोबर," ती म्हणाली.

आणखी एक झालं आहे. खड्ड्याच्या पलीकडे, जुन्या गिरणीच्या जागेवर काचेचा टॉवर उभा राहिला आहे. चाळ होती तोवर तो आम्हाला दिसत नव्हता. दुपारी साडेचारच्या सुमाराला पश्चिमेचं ऊन आमच्या कौलांवरून जाऊन त्याच्या काचांवर आदळतं आणि परत फिरून थेट आमच्या दारात येतं. पूर्वेकडून. गजांच्या सावल्या सकाळी पडतात तशाच आतल्या बाजूला पडतात. दहा-बारा मिनिटं आमच्याकडे दुसऱ्यांदा सकाळ होते. मग काचेची एक-एक ओळ विझत जाते.

आईनं तांदूळ निवडायची वेळ आता तीच धरली आहे. काल मी घरी होतो. तिनं मूठभर दाणे तळहातावर घेतले, हात उन्हात धरला आणि मला हाक मारली. "ये बघू इकडे. हिरवट दिसतोय का रे?"